खाशाबांचे पदक आणि आपल्या गावचा आखाडा



एरवी या जागेत आपण सोयाबीनवरची खोडमाशी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी, कपाशीची बोंडअळी असे विषय घेतो. आज जरा बाजूचा विषय घेतला आहे, पण तो आपल्याच घरातला आहे. आपल्या जिल्ह्यात गावोगाव यात्रा भरते, नागपंचमी आणि पोळ्याच्या सुमारास कुठे ना कुठे कुस्त्यांची दंगल होते. पोट्टे लंगोट कसून उतरतात, म्हातारी माणसं कडेला बसून डाव सांगतात. या कुस्तीतूनच स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचे पहिले वैयक्तिक पदक मिळाले. ते आणणारा गडी शेतकऱ्याच्या घरचा होता, नाव खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांचे आयुष्य नीट वाचले तर खेळाला सरकारी मदत कशी असावी, केव्हा मिळावी आणि खेळात सचोटी कशाला म्हणतात, हे तिन्ही प्रश्न आपोआप समोर येतात.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, सातारा जिल्ह्यात कराडच्या अगदी जवळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालीम, त्यामुळे चालायला लागले तेव्हापासून अंगाला माती लागली म्हणा ना. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. बेचाळीसच्या चळवळीचे दिवस होते, त्या चळवळीतही हा विद्यार्थी होता. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. तिथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली कुस्तीला वळण लागले. अंगाने ते काही फार दांडगे नव्हते. पण चपळाई अशी की समोरच्याला हात कुठून आला तेच समजू नये. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला म्हणून खाशाबांना जाता आले. तिथे गेल्यावर अडचण वेगळीच निघाली. आपली कुस्ती लाल मातीच्या हौदातली. ताक, तेल, लिंबू, हळद घालून माती मुरवायची आणि तिच्यात खेळायचे. तिकडे मात्र गादी म्हणजे मॅट. पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते, नियमही वेगळे. काळ्या रानात औत धरणाऱ्याला एकदम मुरमाड बरड रान दिले तर पहिल्या दिवशी जसे होईल, तसेच हे झाले. तरी अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी तिथे मार्गदर्शन घेतले आणि सर्वांत हलक्या, म्हणजे फ्लायवेट गटात सहावा नंबर मिळवला. 

परत आल्यावर त्यांनी हार मानली नाही की फुशारकीही मारली नाही. पुढच्या चार वर्षांत मेहनत दुप्पट केली. वजनही एक गट वर नेले आणि ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरायचे ठरवले.

आता पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड व्हायची होती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन मागे ठेवले, अशी खाशाबांची तक्रार होती. एका गुणाने एखाद्याचे आयुष्य बदलते, बरं का. पण ते गावी येऊन रडत बसले नाहीत, की पंचाच्या अंगावर धावूनही गेले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे मोठे जाणकार होते. त्यांनी पुन्हा चाचणी कुस्ती लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले आणि सर्वांदेखत हक्काची जागा मिळवली. मधल्या एका माणसाने न्यायाने वागायचे ठरवले म्हणून हे झाले. ते महाराज नसते तर देशाचे हे पदक मद्रासलाच बुडाले असते.

जागा मिळाली, पण फिनलंडपर्यंत जायचे कसे? खिशात पैसा नव्हता. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे ४ हजार रुपयांची मागणी केली, तर स्पर्धा झाल्यावर या असे उत्तर मिळाल्याचे सांगितले जाते. शेतकरी बंधूंनो, पेरणी आटोपल्यावर मंजूर झालेले पीककर्ज काय कामाचे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. बियाणे घ्यायच्या वेळी पैसा हातात पाहिजे. वाफसा निघून गेला की तीच रक्कम दुप्पट दिली तरी रान रिकामेच राहते.

मग गाव पुढे आले. गोळेश्वर आणि कराड परिसरातल्या लोकांनी घरोघर फिरून वर्गणी गोळा केली. कुणी रुपया दिला, कुणी त्याहून थोडा जास्त. तरी भरत नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. आपल्या एका विद्यार्थ्यासाठी मास्तराने घर गहाण टाकले! त्या काळातले ७ हजार म्हणजे केवढी रक्कम, याचा अंदाज जुन्या मंडळींना असेल.

जुलै १९५२ मध्ये खाशाबा हेलसिंकीच्या गादीवर उतरले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी झुंज झाली. ती खूप चालली, अंगातला दम काढणारी झाली आणि त्यात ते हरले. ती संपते न संपते तोच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मादबेयोव्हशी खेळायला बोलावले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पंचांना दाखवून आपल्या गड्याची बाजू मांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, मम्मादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, तेव्हा लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले. मधे ४४ वर्षे गेली. आणि महाराष्ट्राच्या गड्याला पुन्हा असे पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांना नेमबाजीत. म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी.

खाशाबा परतले तेव्हा त्यांची मिरवणूक कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांनी काढली होती. एरवी थोड्या वेळात संपणारी वाट त्या दिवशी सरता सरली नाही. ज्यांनी रुपया रुपया दिला होता त्यांचीच बैलं आणि त्यांच्याच गाड्या.

पण मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले, ते मला पदकापेक्षा मोठे वाटते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. लोकांचा पैसा म्हणजे लोकांचे कर्ज, असा त्यांचा हिशेब होता.

पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. सुमारे २७ वर्षे नोकरी केली, खात्यातल्या स्पर्धा गाजवल्या आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ज्याने देशाला पदक दिले, त्याला पेन्शनसाठी मात्र खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच काय तो. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. हयातीत ना अर्जुन पुरस्कार मिळाला ना पद्म. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला त्यांच्या नावे कुस्ती केंद्र होणार म्हणून घोषणा झाल्या, पण काम रखडले. शेवटी २०१७ साली घरच्यांनी ते पदकच लिलावात काढून केंद्र उभारण्याची तयारी दाखवली, तेव्हा कुठे सगळ्यांचे लक्ष गेले. २०२३ साली राज्य शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करायचे ठरवले.

मंडळी, हे सगळे साताऱ्याकडचे झाले. वाशिमच्या माणसाने त्यातून काय घ्यायचे? आपला विदर्भही व्यायामात मागे नाही. शेजारच्या अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे आणि त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले होते. तेव्हा रक्तात कमी काही नाही. कमी आहे ती वेळेवरच्या मदतीची आणि स्वच्छ व्यवहाराची. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी गावाच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट जागेची. ई-क्लास जमिनीवर किंवा गावठाणात मैदानासाठी जागा राखून ठेवा, तिच्यावर अतिक्रमण होण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या. क्रीडा खात्याच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अशा अनुदानाच्या योजना आहेत. वाशिमच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन सध्याचे नियम आणि लागणारे कागद विचारा. ग्रामसेवकांनी हे काम पेरणीपूर्व बैठकीसारखे वेळेत करावे. आणि साहित्य आले की ते समाजमंदिरात कुलपाआड गंजत ठेवू नका.

दुसरी गोष्ट पैशाची. दंगलीसाठी किंवा पोराला स्पर्धेला पाठवण्यासाठी वर्गणी काढली तर पावती फाडा, जमाखर्च लिहा आणि तो चावडीवर लावा. खाशाबांनी फेडलेले गहाण डोळ्यांपुढे ठेवा.

तिसरी गोष्ट पंचाची. आखाड्यातला पंच जाणकार असावा आणि लढणाऱ्यांच्या नात्यागोत्यातला नसावा. तक्रार आली तर ती ऐकणारे दोन-चार जण आधीच नेमून ठेवा. आतून ठरवलेली नुरा कुस्ती लावू नका. एकदा लोकांना कळले की पुढल्या वर्षी ना पैलवान येतो ना प्रेक्षक. देशाच्या पातळीवरही वाद सोडवण्यासाठी २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. मद्रासला खाशाबांना अशी काही सोय नव्हती, महाराज भेटले म्हणून निभावले.

चौथी गोष्ट कागदाची. पोराचे वय लपवून लहान गटात खेळवू नका. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि म्हणूनच खोटी क्रीडा प्रमाणपत्रे विकणारेही निघाले. राज्यात अशी प्रकरणे उघडकीला येऊन माणसे अडकली आहेत. बोगस बियाणे आणि बोगस प्रमाणपत्र यांत फरक नाही. पिशवीवर छाप चांगला असतो, उगवत मात्र काही नाही, आणि खऱ्या शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. तसा इथे खऱ्या खेळाडूचा हक्क बुडतो.

पाचवी गोष्ट अंगात काय जाते त्याची. लवकर शरीर कमवायचे म्हणून नाव-गाव नसलेल्या पावडरी आणि इंजेक्शने पोरांच्या हाती लागू देऊ नका. उत्तेजक द्रव्यांविरुद्ध २०२२ चा कायदा आहे, नाडा ही संस्था खेळाडूंची तपासणी करते आणि सापडला तर बंदी येते. त्यापेक्षा दूध, हरभरा, शेंगदाणे, ज्वारीची भाकर आणि जोर-बैठका हे आपल्या घरचे खत भरवशाचे.

शेवटची गोष्ट सोबतीची. गावचे पोरगे तालुक्याला किंवा जिल्ह्याला खेळायला जाईल तेव्हा नियम जाणणारा एक मोठा माणूस सोबत द्या. हेलसिंकीला अर्ध्या तासाच्या विश्रांतीसाठी बोलणारा एक जण असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता.

येत्या १५ जानेवारीला शाळेत नुसते फोटोला हार घालून थांबू नका. त्या दिवशी ग्रामपंचायतीने तालमीची माती उकरून घ्यावी, दोन कुस्त्या लावाव्यात आणि मुलींनाही मैदानात उतरवावे. गावात खेळणारी पोरंपोरी कोण आणि त्यांना काय कमी आहे, याची यादी त्याच दिवशी करून ठेवावी. मदत पेरणीच्या वेळी द्या, मिरवणुकीच्या बैलगाड्या मग आपोआप जुंपल्या जातील.