नहपानाचा पाडाव करणारा गौतमीपुत्र

इसवी सनाच्या पहिल्या शतकात पश्चिम महाराष्ट्र सातवाहनांच्या हातून निसटला होता. शकांच्या क्षहरात घराण्यातील नहपान या क्षत्रपाने नाशिक, जुन्नर, कार्ले हा टापू व्यापला. कल्याणसारख्या बंदराचा परदेशी व्यापार खुंटला आणि परकी गलबते भडोचकडे वळू लागली. खचलेल्या या राजकुळात गौतमीपुत्र सातकर्णी गादीवर आला.

कारकिर्दीच्या १८व्या वर्षापर्यंत त्याने नहपानाचा निःपात केला होता. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटविलेला आहे. शत्रूची नाणी वितळविण्याच्या फंदात तो पडला नाही. नहपानाच्या मुखवट्यावरच त्याने आपली चिन्हे ठोकली आणि तेच चलन पुन्हा बाजारात आणले.

दानधर्माच्या बाबतीतही त्याचे धोरण असेच होते. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदविले होते. क्षहरातांचा उच्छेद करणाऱ्या गौतमीपुत्राने त्या लेण्याला धक्का लावला नाही. उलट, विजयी सेनेच्या छावणीतूनच गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा धाडून, उषवदाताच्या ताब्यातले शेत त्याने त्याच डोंगरावरील भिक्षूंना दिले. पुढे ते शेत पडीक असल्याचे आणि गाव ओस असल्याचे कळताच २४व्या वर्षी राजाने व राजमातेने मिळून दुसरी १०० निवर्तने जमीन लावून दिली. दिग्विजयाच्या धामधुमीत एका पडीक शेताची दाद लागावी, हे त्याच्या कारभाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

गौतमीपुत्राची कीर्ती आज आपल्याला कळते ती मुख्यतः त्याच्या मातेमुळे. गौतमी बलश्रीने नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी त्रिरश्मीवरील लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि तेथील लेखात दिवंगत पुत्राचे गुणवर्णन कोरविले. शक, यवन व पह्लवांचा संहारक, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा, धर्माला धरूनच कर घेणारा, अपराधी शत्रूचेही प्राण घेणे न रुचणारा असे त्याचे चित्र त्यात आहे. चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याचे श्रेयही हा लेख त्याला देतो, आणि तेही बौद्ध लेण्याच्या भिंतीवर! मातेच्या मायेने त्यात रंग भरला असणार. पण विदर्भ, अपरान्त, सौराष्ट्र, अवंती या प्रदेशांची त्यातील यादी राज्याचा आवाका दाखविते.

लोकपरंपरेने शालिवाहन शकाचा संबंध सातवाहनांच्या शकविजयाशी जोडला. वास्तविक इ. स. ७८ पासूनची ही कालगणना शक क्षत्रपांनीच दीर्घकाळ वापरली; शालिवाहनाचे नाव तिला फार उशिरा चिकटले.

गौतमीपुत्राने मिळविलेला उत्तरेकडचा मुलूखही फार काळ टिकला नाही. कार्दमक घराण्याच्या रुद्रदामन क्षत्रपाने त्यातील बराचसा परत घेतला. इ. स. १५०च्या सुमारास गिरनारच्या खडकावर त्याने आपली प्रशस्ती कोरविली. सातवाहनांचे लेख प्राकृतात होते. या शक राजाचा लेख मात्र अलंकारप्रचुर संस्कृतात आहे.