अबू जाफर तबरी : साक्ष जपणारा इतिहासकार

‘बखर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीचा वाद मराठी गद्याच्या अभ्यासकाला परिचित आहे. ‘खबर’ या अरबी शब्दातील वर्णविपर्यासातून तो सिद्ध झाला, हे त्यांतील एक प्रचलित मत. हे मत कोणी स्वीकारो वा न स्वीकारो. ज्या अरबी इतिहासलेखनात ‘खबर’ हाच रचनेचा मूळ घटक होता, त्या परंपरेकडे आपण क्वचितच वळतो. त्या परंपरेतील एक अग्रगण्य इतिहासकार म्हणजे अबू जाफर मुहंमद इब्न जरीर अल्-तबरी. त्याचे चरित्र आणि त्याची लेखनपद्धती यांचा परस्परसंबंध पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कास्पियन समुद्राच्या दक्षिणेस असलेल्या तबरिस्तान प्रांतात, आमुल या नगरात त्याचा जन्म झाला. साल साधारणतः इ. स. ८३९. हिजरी २२४ चा अखेर की २२५ चा आरंभ, हे मात्र त्याला स्वतःलाही निश्चित सांगता येत नसे. त्याच्या गावचे लोक काळाची मोजणी आकड्यांनी न करता एखाद्या ठळक घटनेच्या आधाराने करीत आणि आपल्या जन्माच्या वेळची घटना कोणती, याविषयी त्याला सांगणाऱ्यांत एकमत नव्हते. ज्याने पुढे शतकांच्या घटना वर्षवार लावल्या, त्याच्या आयुष्याचे पहिले वर्ष असे दोन वृत्तांतांत विभागलेले आहे.

सातव्या वर्षी त्याला कुराण मुखोद्गत होते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. किशोरवयातच त्याने विद्येसाठी घर सोडले. रय्य येथे इब्न हुमैद या गुरूकडे त्याने इब्न इस्हाकने रचलेल्या पैगंबरचरित्राचे अध्ययन केले. अहमद इब्न हंबल या थोर पंडिताच्या ओढीने तो बगदादला निघाला, परंतु इ. स. ८५५ मध्ये हंबलचे निधन झाले आणि ती भेट राहूनच गेली. पुढे बसरा, कूफा, वासित, सीरिया आणि इजिप्त अशी भ्रमंती करून तो बगदादला परतला व अखेरपर्यंत तेथेच राहिला. तत्कालीन ज्ञानव्यवहारात ग्रंथ नुसता वाचून भागत नसे. तो ज्याला सांगण्याचा अधिकार आहे, त्याच्या मुखातून ऐकावा लागे. म्हणूनच त्याचा प्रवास हा त्याच्या अध्ययनाचाच एक भाग होता.

त्याच्या निर्वाहाचे साधन म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेचे तबरिस्तानातून येणारे उत्पन्न. ते मोठे नव्हते. प्रवासात एकदा पैसे वेळेवर न पोहोचल्याने अंगरख्याच्या बाह्या विकून त्याने दिवस काढले, अशी कथा आहे. तरुणपणी एका वजिराच्या मुलाला शिकविण्याचे काम त्याने केले. परंतु पुढे न्यायाधीशाचे पद देऊ केले असता ते नाकारले. तो अविवाहित राहिला. दरबाराच्या अन्नावर अवलंबून नसणे, ही त्याच्या इतिहासलेखनाची एक अनुक्त अट होती, असे म्हणता येईल.

विश्वोत्पत्तीपासून इ. स. ९१५ पर्यंतचा काळ व्यापणारा ‘प्रेषित आणि राजे यांचा इतिहास’ हा त्याचा प्रचंड ग्रंथ. आरंभीच्या भागात प्रेषितांच्या कथांबरोबर इराणी राजांचा वृत्तांत येतो. हिजरतीपासून पुढे वर्षवार मांडणी आहे. या ग्रंथाचे महत्त्व समजण्यासाठी एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. मुहंमद पैगंबरांचे निधन इ. स. ६३२ मधले. तबरी लिहीत होता तो त्यानंतर अडीच शतकांनी. मधल्या काळातील घटनांच्या आठवणी पक्षोपपक्षांत वाटल्या गेल्या होत्या. खलीफा उस्मान यांची हत्या (इ. स. ६५६), सिफ्फीनचे युद्ध (इ. स. ६५७), करबला (इ. स. ६८०) हे नुसते भूतकाळातील प्रसंग नव्हते, कोण कोणत्या पंथाचा, हे त्यांवरून ठरत होते.

अशा स्थितीत तबरीने एकच सलग कथा रचली नाही. प्रत्येक वृत्तांतापूर्वी तो सांगणाऱ्यांची साखळी देतो : अमुकाने अमुकाकडून ऐकले, त्याने अमुकाकडून. या साखळीला ‘इस्नाद’ म्हणतात. मग त्याच घटनेची दुसरी, पहिलीशी न जुळणारी खबर तो शेजारी ठेवतो. उस्मान यांच्या हत्येपूर्वीच्या असंतोषाचे मूळ सैफ इब्न उमर एका कारस्थानी पुरुषाच्या चिथावणीत पाहतो, तर वाकिदीच्या वृत्तांतात खलीफांच्या कारभाराविषयीच्या तक्रारी पुढे येतात. तबरी दोघांनाही बोलू देतो. वाचकाला काही खटकले तर त्याची जबाबदारी सांगणाऱ्यांची, आपण जसे मिळाले तसे पोहोचविले, अशा आशयाचा खुलासा त्याने प्रस्तावनेतच केला आहे.

याचा अर्थ तो निर्विकार टिपणकार होता, असा मात्र नव्हे. उस्मान यांच्यावरील आक्षेपांपैकी पुष्कळ आपण वगळले आहेत, हे तो स्वतः नमूद करतो. काही पत्रव्यवहार सामान्य जनांना सोसवणार नाही म्हणून गाळल्याचेही सांगतो. निवड ही त्याचीच आहे. पण गाळल्याची कबुली देणारा इतिहासकार वाचकाला फसवीत नाही, हा भेद महत्त्वाचा आहे.

या पद्धतीचे मोल पुढे कळले. करबलाचा वृत्तांत लिहिणाऱ्या अबू मिख्नफचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचा मोठा अंश तबरीमुळे टिकला. तेराव्या शतकात इब्न अल्-असीरने तबरीचा आधार घेऊन, साखळ्या गाळून, एकसंध कथन सिद्ध केले. ते वाचावयास सुकर झाले, परंतु त्यातून साक्षीदार नाहीसे झाले. इ. स. १८७९ ते १९०१ या काळात द खुये व त्याच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणची हस्तलिखिते जुळवून लायडन येथून तबरीची संपादित आवृत्ती काढली. त्यानंतरच वेलहाउझेनसारख्या अभ्यासकाला सैफचा वृत्तांत इतरांशी ताडून त्याच्या विश्वसनीयतेवर प्रश्नचिन्ह लावता आले. ज्या सैफवर हा आक्षेप आला, त्याला नावानिशी जपले होते ते तबरीनेच.

अखेरची वर्षे त्याला सुखाची गेली नाहीत. विधिज्ञांच्या मतभेदांवरील आपल्या ग्रंथात त्याने अहमद इब्न हंबलचा समावेश केला नाही. हंबल हदीसचा पंडित होता, विधिज्ञ नव्हे, अशी त्याची धारणा. तरुणपणी ज्याला ऐकण्यासाठी तो बगदादला आला, त्याच्याच अनुयायांचा रोष त्याने अशा रीतीने ओढवून घेतला. त्याच्या घरावर दगडफेक झाल्याचे वृत्तांत आहेत.

इ. स. ९२३ मध्ये बगदादला त्याचे निधन झाले. जमावाच्या भीतीने त्याला रात्री गुपचूप पुरले, असे एक वृत्तांत सांगतो. दुसऱ्याप्रमाणे अंत्यविधीला अलोट गर्दी लोटली आणि कित्येक महिने लोक त्याच्या कबरीपाशी प्रार्थना करीत राहिले. चरित्रकाराला यांपैकी एक निवडून दुसरा टाकून देण्याचा मोह होतो. परंतु तबरीकडून काही शिकावयाचे असेल, तर दोन्ही खबरी शेजारी शेजारी ठेवून थांबणे हेच उचित होय.