ख्रिस्तवासी लक्ष्मीबाई टिळक : घागरीपासून प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत

ख्रिस्ती मनुष्याची परीक्षा उपासनामंदिरात थोडी व स्वतःच्या घरात फार होते. रविवारी शुभ्र वस्त्रे नेसून गीत गाणे कठीण नाही. सोमवारी चुलीपाशी, विहिरीवर, कापसाच्या वेचणीत व सावकाराच्या ओट्यावर प्रभूचे म्हणून ओळखले जाणे कठीण आहे. वऱ्हाडातील आमच्या लहान लहान मंडळ्यांना व खेडोपाडी फिरणाऱ्या उपदेशकांना हे आम्ही नव्याने सांगावयास नको. म्हणून आज आम्ही कोणा मोठ्या प्रवचनकाराचे नव्हे, तर एका गृहिणीचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहो. त्या म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकाजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे त्यांचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. घरात आलेली वस्तू धुतली की नाही, कोणाची सावली कोठे पडली, कोणाचा स्पर्श कशास झाला, याच विवंचनेत त्या घराचा दिवस उगवे व मावळे. लहानग्या मनूच्या हाडीमांसी हे सोवळे भिनले. पुढे तिच्या जीवनात जी कृपा प्रकट झाली, तिचे मोल ज्यांना कळावयाचे असेल त्यांनी हे घर विसरू नये.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळक कवी होते, विद्वान होते, मनाने उदार होते; पण तितकेच तापट व लहरी होते. एका गावी बिऱ्हाड थाटावे व काही महिन्यांत मोडावे, न सांगता घरातून निघून जावे, हाती आलेला पैसा पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकावा, असा त्यांचा क्रम. लक्ष्मीबाईंना लिहिणेवाचणे त्यांनीच शिकविले, हे मात्र त्यांचे मोठे उपकार. या भटकंतीत काही काळ त्यांचे बिऱ्हाड नागपुरास होते. नाशिकाहून नागपुरास जाणारा लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा या आपल्या स्टेशनांवरून जातो. त्या बिऱ्हाडाची आठवण म्हणूनच आम्हांस दूरची वाटत नाही.

१८९३ साली नागपुराकडून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका प्रवाशाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. ती वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे अंतःकरण जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे आम्ही एक गोष्ट लपविणार नाही. टिळकांनी प्रभूला धरले ते खरे, पण घरच्या माणसास विश्वासात घेऊन नव्हे. लक्ष्मीबाईंच्या कानी ही वार्ता आली तेव्हा कडेवरचा देवदत्त लहान होता. नवरा जिवंत असून त्या अनाथ झाल्या. दुःखाने त्यांचे भान हरपले. आप्तांनी त्यांना सांभाळले. पंढरपूर व नाशिक येथे नातलगांच्या आश्रयाने त्यांनी जवळजवळ पाच वर्षे काढली. याच काळात त्यांच्या दुःखाला कवितेची वाट सापडली. ज्या उपदेशकांच्या घरातील माणसे अद्याप विश्वासात आलेली नाहीत, त्यांनी या पाच वर्षांचा विचार करावा. आपल्या तारणाचा आनंद आपल्या पत्नीच्या डोळ्यांतील अश्रूंवरून ओलांडून जाण्याचा अधिकार कोणासही दिलेला नाही.

परंतु टिळकांनी पत्नीला सोडले नाही, व दुसरा संसारही थाटला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगराकडे पतीजवळ आल्या, पण आपले सोवळे घेऊन. चूल निराळी, पाण्याची घागर निराळी. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मणी आचाराची, आणि मध्ये तांब्याभर पाण्याचे अंतर. बोलण्यात खटके उडत, कारण दोघेही मनस्वी. पण बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. बी पेरल्यावर शेतकरी रोज माती उकरून अंकुर पाहत नाही. तो पावसाची वाट पाहतो. पऱ्हाटी पेरणाऱ्या आमच्या वाचकांस हे अधिक सांगणे नको.

आणि एके दिवशी तो अंकुर आपोआप वर आला. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत होत्या. पशूंमध्ये व पक्ष्यांमध्ये देवाने जाती केल्या, त्या पाहताच डोळ्यांस दिसतात. मनुष्यांत त्याने जाती केल्या असत्या, तर त्यांच्या अंगावरही तशी काही खूण ठेवली असती. तशी खूण तर कोठेच दिसत नाही. मग हा भेद देवाचा नव्हे, मनुष्याचा. इतके ध्यानात येताच, आजपासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. वडिलांच्या घरात पाण्याच्या थेंबाथेंबास भिणाऱ्या त्या स्त्रीने तो निश्चय पाळला.

वाचकहो, क्रम नीट पाहा. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा अद्याप घेतला नव्हता. घागरीवरचे भय आधी गेले. सुखार गावाच्या विहिरीवर आमच्या प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले, तेव्हा त्यानेही संभाषणाचा आरंभ घागरीपासूनच केला होता. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पतीचा धर्म पती म्हणून घेतला नाही. स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी चालत त्या प्रभूकडे आल्या.

यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे उघडे घर. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडाने काय भोगले, हे आमच्या जुन्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. अहमदनगर जिल्ह्याची दशाही तशीच होती. टिळक पोरक्या मुलांना घरी आणीत, आणि त्यांच्या पोटाची चिंता लक्ष्मीबाईंवर येई. डब्यात पीठ किती आहे, हे पाहून टिळकांनी कधी कोणाला बोलाविले नाही. लक्ष्मीबाई रागावत, बोलत, आणि मग सर्वांना वाढीत. पोरकी मुले कोणत्या जातीची, हे त्या घरात कोणी विचारीत नसे. ज्या हातांना स्पर्शाचे भय शिकविले होते, तेच हात आता कोणाच्याही लेकराचे केस विंचरू लागले. आम्हांस वाटते, पवित्र आत्म्याचे फळ पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे.

बालकवी म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हेही या घरात राहिले. ते हिंदूच राहिले. तरी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पुत्राप्रमाणे माया केली. ख्रिस्ती प्रीती ही मासे धरण्याचे आमिष नव्हे, हे त्यांनी उपदेशावाचून दाखवून दिले.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांना प्रभूने बोलावून घेतले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते, व गाठीस काही नव्हते. मुंबईस मुलींच्या वसतिगृहात त्यांनी देखरेखीचे काम केले. पुढे पुत्रासमवेत त्या कराचीस राहिल्या. पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे ओवीबद्ध चरित्र अपुरे राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या स्त्रीने त्याचे चौसष्ट अध्याय रचले; शेवटचा अध्याय देवदत्ताने लिहिला. १९३३ साली नागपुरास मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्या नगरीत एके काळी अस्थिर संसाराची काळजी त्यांनी वाहिली, त्याच नगरीने त्यांचा असा मान केला.

१९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. या ग्रंथात पतीचे दोष झाकलेले नाहीत आणि स्वतःचेही नाहीत. तरी त्यात कडूपणाचा लवलेश नाही. स्वतःच्या वेडेपणास त्या सर्वांआधी हसतात. ज्याला क्षमा मिळाली आहे, त्यालाच इतक्या मोकळेपणाने खरे बोलता येते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या.

आता आम्ही आमच्याच अंगणात येऊ. आमच्या मंडळ्यांत प्रभुभोजनाचा प्याला एक असतो. पण घरी परतल्यावर माठ किती असतात? पूर्वी अमुक जातीचे होते म्हणून त्यांच्या घरची सोयरीक नको, त्यांच्या घरचे जेवण नको, असे शब्द आमच्या कानी येतात, आणि लाजेने आमची मान खाली जाते. ज्यांनी इतरांकडून शिवाशिवीचे दुःख सोसले, त्यांनीच ते आपल्या भावास द्यावे काय? जिने सोवळ्याचा सारा मान स्वतःच्या हाताने टाकला, ती बाई न्यायाच्या दिवशी आमच्या शेजारी उभी राहील. तेव्हा आम्ही कोणती सबब सांगणार?

म्हणून आमची नम्र विनंती अशी आहे. या सप्ताहात प्रत्येक विश्वासी कुटुंबाने, ज्यांच्या घरी आजवर पाणी प्याले नसेल अशा एका तरी बंधूच्या घरी जावे, तेथे तांब्याभर पाणी मागावे, आणि त्याला आपल्या घरी भाकरीस बोलवावे. उपदेशकांनी हे आधी करावे व मग शिकवावे. ज्याची पत्नी अद्याप विश्वासात आलेली नाही, त्याने तिच्याशी वाद न घालता तिच्यासाठी प्रार्थना करावी, व सायंकाळी विहिरीवरून येताना तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्यावी. कृपेला घरात येण्यास एवढीशी वाटही पुरते. प्रभू आम्हां सर्वांस असे घर चालविण्याचे सामर्थ्य देवो.