कर्जात बुडालेल्या घरातून उठलेला माणूस : गाडगेबाबा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही लेखक नाही. सूतगिरणीत पाळ्या करण्यात उमर गेली. शाळा थोडीच झाली, पुढचे सारे वाचनालयात बसून शिकलो. कोणावर लिहावे याचा विचार करीत असताना आपल्या मारेगाव तालुक्यातली घरे डोळ्यांसमोर आली. वावरात कापूस पिकतो, पण घरात पैसा टिकत नाही. कर्जापायी फवारणीचे औषध पिऊन गेलेली माणसे आपण आपल्या खांद्यावर नेली आहेत. म्हणून यंदा गाडगेबाबांचे चरित्र लिहायचे ठरविले. कीर्तनकाराचे चरित्र विहाराच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याने शेवटपर्यंत वाचावे, उत्तर मिळेल.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. जात परीट. बाप दारूच्या नादी लागला. घरचे होते नव्हते ते गेले आणि डेबू लहान असतानाच बापही गेला. माय सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला माहेरी आली. ज्या वयात पोराने पाटी धरायची त्या वयात डेबू मामाची गुरे राखू लागला. पुढे औत धरले. अंगमेहनतीला तो कोणाला हार गेला नाही.

पण तिथेही संकट आडवे आले. मामाने सावकाराकडून पैसे घेतले होते. अक्षरओळख नसल्यामुळे कागदावर काय लिहिले आहे हे कळले नाही. देत गेले तरी कर्ज फिटेना, आणि एक दिवस जमीनच सावकाराच्या घशात गेली. मामाने त्या धसक्याने अंथरूण धरले आणि प्राण सोडला. जाणता गडी एकटा डेबू उरला. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा डेबू औत सोडून बाजूला झाला नाही, त्याने तोंडावर विरोध केला. आपला मामा कशाने मेला हे त्याला त्या दिवशी नीट समजले होते. नशिबाने नव्हे, न वाचलेल्या कागदाने मेला.

ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही. पोरीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत द्यायची चाल होती. डेबूने गोडाचे जेवण दिले. जातभाई रुसले, पण त्याने ऐकले नाही. दारूने बाप आणि कर्जाने मामा नेलेला माणूस दुसरे काय करणार? आपण रोज पंचशील म्हणतो, त्यातल्या पाचव्या शीलाचा अर्थ हा माणूस घरच्या दुःखातून शिकला.

1 फेब्रुवारी 1905 ला तो घर सोडून निघाला. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचा आणि रस्ते, गटारे साफ करायची. रात्री कीर्तन. कीर्तनात तो लोकांनाच प्रश्न विचारी आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढी. देवाला बकरे कापू नका, शिवाशिव पाळू नका, दारू पिऊ नका, सण-लग्नासाठी कर्ज काढू नका, आणि भांडी विकावी लागली तरी पोरांना शाळेत घाला, एवढेच त्याचे सांगणे.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे यात्रा भरते. नावाचा अर्थच कर्जातून सुटका. तिथल्या काठावर चिखलात माणसे घसरायची. बाबांनी तिथे स्वतः खपून आणि लोकांना कामाला लावून घाट बांधला. नदीत बुडी मारून कोणाचे कर्ज फिटत नाही हे आपण जाणतोच. पण पडणाऱ्याच्या पायाखाली दगडाची पायरी बसविता येते, हे बाबांनी करून दाखविले.

दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. 1923 साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. बापाचे काळीज काय झाले असेल ते ज्याने पोर गमावले त्यालाच ठाऊक. पण तिथून पुढची तेहतीस वर्षे हा माणूस दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळा, वसतिगृहे आणि गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारीत राहिला. मुंबईला टाटा रुग्णालयात कॅन्सरचा पेशंट घेऊन जाणारे लोक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. त्या छपराची किंमत त्यांना विचारा.

आता विहाराशी असलेले नाते. बाबासाहेबांना गाडगेबाबांविषयी फार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती आपली मुले शिकावीत म्हणून. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाचे नाव 2005 पासून अमरावती विद्यापीठाला आहे. आपल्या पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर तेच नाव छापून येते.

माझी गिरणी बंद पडली तेव्हा मी तीन महिने घरात तोंड लपवून बसलो होतो. देणेकरी दारात यायचे. मन नको तिकडे धावायचे. एका सकाळी बायकोने काही न बोलता हातात खराटा दिला आणि विहाराकडे बोट दाखविले. अंगण झाडले. दुसऱ्या दिवशीही झाडले. कर्ज एका पैशाने कमी झाले नाही, पण मी पुन्हा माणसांत आलो. पुढे हंगामात जिनिंगचे काम मिळाले. देणे हळूहळू फिटले.

म्हणून माझी एक विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर आपल्यातली शिकलेली पोरे विहारात तासभर बसणार आहेत. ज्याच्या घरी बँकेचा, बचत गटाचा, फायनान्सचा किंवा सावकाराचा कागद असेल त्याने तो घेऊन यावे. वाचून देऊ, हिशेब मांडून देऊ. लाजू नये. आणि ज्याला काहीच सुचत नसेल त्याने नुसते यावे. खराटा दाराच्या मागे ठेवलेला आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.