डॉ. डोरोथी अँडरसन

रोग्यांस बरे करून नावारूपास आलेल्या वैद्यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचतो. येथे ज्या बाईंचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्यांचे बहुतेक आयुष्य मात्र मृत बालकांच्या देहांची परीक्षा करण्यात गेले.

डोरोथी अँडरसन यांचा जन्म १५ मे १९०१ रोजी अमेरिकेत अॅशव्हिल येथे झाला. वडील मूळचे डेन्मार्कचे असून तरुणांच्या ख्रिस्ती संघाचे काम करीत. १९१४ साली ते वारले. आजारी आईची शुश्रूषा मुलीच्या वाट्यास आली आणि १९२० साली आईही गेली. ज्या माउंट होल्योक विद्यालयातून पूर्वी कित्येक मिशनरी स्त्रिया अहमदनगरकडे आल्या, तेथेच डोरोथी १९२२ साली पदवीधर झाल्या. वैद्यकाची पदवी त्यांनी १९२६ साली मिळविली. शस्त्रवैद्य होण्याची उमेद होती. पण स्त्री म्हणून पुढील जागा नाकारण्यात आली. तेव्हा त्या विकृतिशास्त्राकडे वळल्या व १९३५ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलात रुजू झाल्या.

तेथे एक बालक आतड्यांच्या विकाराने गेले असे सर्वांनी धरले होते. बाईंना शवविच्छेदनात त्याचे स्वादुपिंडच बिघडलेले दिसले. दुसरा कोणी तेवढी नोंद करून स्वस्थ बसला असता. बाईंनी जुनी दप्तरे धुंडाळली आणि १९३८ साली ४९ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध करून हा निराळाच रोग आहे हे सिद्ध केले. सिस्टिक फायब्रोसिस तो हाच.

नाव स्वादुपिंडावरून पडले, तरी लेकरे दगावत ती बहुधा फुप्फुसांच्या विकाराने. कफ डिंकासारखा चिकट होऊन श्वासनलिकांत साचतो व त्यात जंतू घर करतात. त्या काळी बहुतेक मुले शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच जात. अ जीवनसत्त्वाची उणीव हे कारण असावे, हा बाईंचा पहिला तर्क चुकीचा ठरला. दोष आईबाप दोघांकडून वारशाने येतो, असे पुढे त्यांच्याच संशोधनातून दिसून आले. तो जनुक सापडण्यास मात्र १९८९ साल उजाडले.

इतके थांबणे मुलांना परवडणारे नव्हते. बाईंनी प्रथम सल्फा औषधे दिली. पेनिसिलिन मिळू लागताच डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांच्यासह त्यांनी त्याचे सूक्ष्म तुषार करून मुलांना श्वासावाटे देऊन पाहिले. सुईने दिलेले औषध साचलेल्या कफात पुरेसे उतरत नाही. श्वासावाटे दिलेले थेट जंतूंच्या घरातच पोहोचते, एवढाच साधा विचार त्यामागे होता. हा अनुभव त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. रोग समूळ गेला नाही. जंतू औषधास दाद देईनासे होतात, एक हटला की दुसरा येतो. तथापि तुषारांची ती वाट बंद पडलेली नाही. टोब्रामायसिन हे औषध आजही तसेच देतात.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्म्याने ही मुले भराभर गळाली. त्यावरून शोध घेता त्यांच्या घामात मीठ फार असल्याचे सांताग्नेसे यांनी १९५३ साली दाखविले. घामाची ती परीक्षा अद्याप होते. शिरोड्याच्या मिठागरांच्या मुलखात राहणाऱ्या आपणांस अंगावरील मिठाचे नवल नाही. परंतु मुलाचा मुका विशेष खारट लागत असेल, खोकला हटत नसेल आणि मूल अंग धरत नसेल, तर आईबापांनी डॉक्टरांना अवश्य सांगावे. भारतीयांत हा रोग नाहीच, ही जुनी समजूत खरी नव्हे.

बाई अविवाहित राहिल्या. सुतारकाम त्यांना आवडे. डोंगरातील आपल्या घराचे धुरांडेही त्यांनी स्वतःच रचले. धूम्रपान मात्र त्यांना सोडवले नाही. ३ मार्च १९६३ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या निवर्तल्या.