माळढोकाचे कैवारी डॉ. सालिम अली

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. राज्य शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या या सप्ताहाचा पहिला दिवस सोलापूरचे सुपुत्र अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, तर अखेरचा दिवस डॉ. सालिम अली यांचा. एकरुखच्या तलावाकाठी किंवा नान्नजच्या माळावर दुर्बीण आणि वही घेऊन फिरणारे हौशी निरीक्षक आज ज्या वाटेने जातात, ती वाट सालिम अली यांनी रुळविली. आयुष्याच्या ऐन उमेदीत ते स्वतःही बिनपगारी निरीक्षकच होते. मानसन्मानांच्या गर्दीत ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत खेतवाडी भागात त्यांचा जन्म झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली एक चिमणी त्यांना वेगळी वाटली; तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता पेटार्‍यांत जपलेले शेकडो पक्षी दाखविले. ही संस्था १८८३ मध्ये आठ हौशी मंडळींनी स्थापन केली होती आणि ठिकठिकाणच्या सभासदांनी पाठविलेल्या टिपणांवरच तिचे नियतकालिक चालत असे. सालिम अली यांना शास्त्राची पहिली ओळख झाली ती या वातावरणात.

पदवी मात्र त्यांच्या हाती कधी आली नाही. ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायात काही वर्षे घालवून ते परतले, प्राणिशास्त्राचे थोडे शिक्षण घेतले. पण पदवीअभावी भारतीय प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेतील नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात व्याख्यात्याची जागा मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून आले, तो पैशांच्या टंचाईमुळे ती जागाच रद्द झालेली!

बेकारीच्या या दिवसांत, १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर दिवसचे दिवस पाळत ठेवली. नर अर्धेच घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच नर ते पुरे करतो आणि लगेच दुसर्‍या घरट्याच्या, दुसर्‍या मादीच्या मागे लागतो. कोकणातल्या शेतकर्‍याच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या घडणारी ही गोष्ट तारीखवार टिपून ठेवल्यामुळेच शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली.

पुढे त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला : प्रवासखर्च द्या, वेतन नको. त्यातून सोलापूरच्या सीमेला भिडलेल्या हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण १९३१-३२ मध्ये झाले. त्यानंतर त्रावणकोर, कोचीन व इतर संस्थानांची पाळी आली. मुक्कामाची सारी व्यवस्था पत्नी तेहमिना पाहत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले, त्या धक्क्यातून सावरल्यावर ते अधिकच कामात बुडाले. १९४१ चे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती पक्ष्यांची ओळख देणारे ठरले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. पद्मविभूषण १९७६ चे. गेटी पारितोषिकाची पन्नास हजार डॉलर्सची रक्कमही त्यांनी सोसायटीच्या निधीकडे वळविली.

सोलापूरकरांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व माळढोकाशी जोडलेले आहे. राष्ट्रीय पक्षी निवडताना त्यांचा कौल माळढोकाला होता. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचा चुकून भलताच उच्चार होईल, ही भीती आड आल्याचे सांगितले जाते. कारण काहीही असो, गवताळ माळाला ‘पडीक’ मानणार्‍या देशात या पक्ष्याला तो आधार मिळाला असता तर बरे झाले असते.

१९७० च्या दशकात सोलापुरातील पक्षिप्रेमींनी नान्नज परिसरातील माळढोकांकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सोसायटीने संकटग्रस्त पक्ष्यांचा प्रकल्प हाती घेतला. नान्नज हे त्याचे एक केंद्र होते. वयाची ऐंशी उलटलेले सालिम अली त्याचे प्रमुख होते. याच प्रकल्पात १९०० नंतर कोणाला न दिसलेला जेर्डनचा धाविक १९८६ मध्ये आंध्रातील कडप्पा भागात सापडला, तोही एका स्थानिक पारध्याच्या माहितीमुळे.

२० जून १९८७ रोजी सालिम अली यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतरचा नान्नजचा इतिहास सुखाचा नाही. माळढोक सहसा वर्षाला एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगराखाली गेले, पाणी आले तसा ऊस आला, आणि समोरचे नीट न दिसणार्‍या या जड पक्ष्याच्या वाटेत विजेच्या तारा आल्या. एवढ्या विस्तीर्ण अभयारण्याच्या निर्बंधांमुळे गावकर्‍यांचेही व्यवहार अडले. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. अलीकडच्या गणनांत एखादाच माळढोक दिसला, तर कधी तोही नाही. देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपासच असावेत, असा अंदाज आहे.

ही घसरण कळली ती वर्षानुवर्षे कोणीतरी माळावर उभे राहून मोजदाद केल्यामुळे. २०२३ च्या देशव्यापी पक्षी अहवालाला सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींचा आधार होता. त्यांतील बहुतेकांची रीत किहीमच्या त्या वहीतलीच आहे : दिवस, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या. नान्नजला काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल यांच्या नोंदी आजही होतात. माळढोक दिसला नाही, तर त्याच्यापुढे शून्य लिहिले जाते.