परदेशगमनाची खरी शिदोरी

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर सिंधुदुर्गाचा तट दिसतो व त्याच्या पलीकडे अफाट समुद्र पसरलेला असतो. ज्या किनाऱ्याने शिवछत्रपतींच्या आरमारास खलाशी पुरविले, त्याच किनाऱ्यावरील घरांतून आजही मुलगा अथवा मुलगी प्रथमच एकटी परदेशी जावयाची म्हटली की चूल थंड पडते. कोणी रडून मनाई करितात. कोणी तिकिटाचे पैसे हाती देऊन आपले कर्तव्य संपले असे मानितात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष सारखेच चुकतात. पहिला पक्ष समुद्रास भितो, तर दुसरा तयारीस विसरतो. या दोघांच्याही विचारार्थ आमच्या शेजारच्याच गोमंतकातील एका पुरुषाचे चरित्र आज आम्ही मांडीत आहो.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म सन १८७६ त गोव्यातील सांखवाळ येथे झाला. घरी नारळीची बागाईत होती. लहान वयातच लग्न झाले. शाळेचे शिक्षण बेताचेच. पण मराठी पुस्तकांचा व मासिकांचा नाद मोठा. ‘बालबोधमेवा’ मासिकातील बुद्धचरित्रपर लेख १८९७ त त्यांच्या वाचनात आला, आणि बुद्धाचा धर्म मुळापासून शिकावा या एका ध्यासाने त्यांस घेरले. सन १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक राहिली.

येथून पुढे त्यांनी जे केले ते नीट पाहण्याजोगे आहे. कोसंबी एकदम आगबोटीत चढले नाहीत. प्रथम ते पुण्यास आले. तेथे आमच्याच मालवणात जन्मलेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट त्यांस घडली. संस्कृतावाचून पुढचा मार्ग नाही हे जाणून ते ग्वाल्हेरीवरून काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून शास्त्रीबुवांपाशी व्याकरण घोकीत राहिले. पुढे बौद्धधर्म नेपाळात जिवंत सापडेल या आशेने सन १९०२ च्या आरंभी त्यांनी खाटमांडूची वाट धरली. डोंगर ओलांडून पोचल्यावर मात्र जे शिकावयाचे ते तेथे नाही असे त्यांस आढळून आले. दुसरा एखादा खचून घरी परतला असता. कोसंबी बुद्धगयेस उतरले. तेथे त्यांनी प्रत्यक्ष बौद्ध भिक्षूपाशी चौकशी केली, व सिलोनात पाली ग्रंथांचे अध्ययन चालते असे कळताच कलकत्ता व मद्रास या मार्गाने दक्षिणेस जाऊन तुतिकोरिनहून समुद्र ओलांडिला.

कोलंबो हे बंदराचे शहर. तेथील सिंहली भाषा त्यांस येत नव्हती, गाठीस पैका नव्हता, व आप्त म्हणावे असे कोणी नव्हते. परंतु कोठे जावयाचे व कशासाठी, हे त्यांस पक्के ठाऊक होते. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांचे विद्योदय विद्यालय हे त्यांचे ठिकाण. तेथे त्यांस आश्रय मिळाला, श्रामणेरदीक्षा मिळाली व पाली भाषेचे द्वार उघडले. काशीत उपाशीतापाशी शिकलेले संस्कृत येथे कामास आले. कारण ज्यास संस्कृत येते त्यास पाली फार परकी वाटत नाही. तेथील आहार मात्र प्रकृतीस मानवला नाही, म्हणून पुढल्याच वर्षी त्यांस सिलोन सोडावे लागले. पण हेतू सोडला नाही. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी अभ्यास चालू ठेविला.

आमच्या व्यापारी वाचकांनी नेपाळ व कोलंबो या दोन प्रवासांचा ताळेबंद मांडून पाहावा. मनुष्य तोच, तळमळ तीच, दारिद्र्यही तेच. एका ठिकाणी केवळ आशा घेऊन गेले व रिक्तहस्ते परतले. दुसऱ्या ठिकाणी जाणत्यास विचारून गेले व कृतार्थ झाले. परमुलखात एकट्याचा सांभाळ करणारी वस्तू पैशाची थैली नव्हे. ठरलेले ठिकाण, आधी केलेली चौकशी व पदरी असलेली विद्या, हीच खरी शिदोरी होय.

परंतु खटल्याच्या दोन्ही बाजू मांडल्यावाचून निवाडा करणे आम्हांस मान्य नाही. कोसंबींच्या या यशाचा खर्च कोणाच्या खाती पडला? बाळाबाईंच्या. तरुण स्त्री, मांडीवर मूल, आणि पती कोठे आहे याचा ठिकाणा नाही, अशी कित्येक वर्षे त्या माउलीने काढिली. हे ऋण थोर हेतूच्या नावावर माफ करण्यास आम्ही तयार नाही. कोसंबींनी ते पुढे अंशतः तरी फेडिले, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे आहे. सन १९०६ त भिक्षुवेष सोडून ते पुन्हा संसारात आले. आणि सन १९१८ त दुसऱ्यांदा अमेरिकेस जाताना पुत्र दामोदर याजबरोबर, तान्ही असता टाकून गेलेल्या माणिकेसही घेऊन गेले. तिने तेथे महाविद्यालयीन शिक्षण संपादिले. बापाने एकट्याने काढलेली वाट अशा रीतीने मुलीस मोकळी झाली.

परदेशी गेलेला मनुष्य देशास मुकतो, अशी एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. तिचे उत्तरही याच चरित्रात आहे. कलकत्त्यातील अधिक वेतनाची जागा सोडून, श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात पालीचा प्रसार करण्याचे त्यांनी पत्करिले. हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संशोधनाचे काम करून १९१२ त ते परतले व फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. आणि सन १९३० त वेंगुर्ल्याजवळ शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा हा जगभर फिरलेला पंडित त्यात सामील झाला. सन १९४७ त सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेविला.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. मुलांस अडवू नका, मुलींस तर मुळीच नाही. पण तिकिटाआधी चार गोष्टी पाहा. उतरावयाचे ठिकाण व तेथील जबाबदार माणूस निश्चित असावा. तेथील भाषेतील नित्याचे शब्द शिकलेले असावेत. परतीचे भाडे निराळे बांधून ठेविलेले असावे. आणि जे घर मागे राहते त्याच्या पोटापाण्याची व खबरबातीची सोय आधी लागलेली असावी. पहिल्या दोन गोष्टी कोसंबींच्या शहाणपणावरून शिकाव्या, शेवटच्या दोन त्यांच्या कष्टांवरून आणि बाळाबाईंच्या अश्रूंवरून.